राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण: लाठी खाल्लेल्या निरपराध माणसाच्या किती कामाचं?

‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ हे वाक्य मराठी वाचकाला पाठ झालंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ उघडून पाहिलं तर त्यात ‘सौम्य’ हा शब्द कुठेच नाही. तिथे एक क्रम आहे. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव, त्यातून शांतता भंगण्याची शक्यता, मग पांगण्याचा हुकूम, आणि तो हुकूम मानला नाही, किंवा न पांगण्याचा निर्धार जमावाच्या वागण्यातूनच दिसला, तरच बळाचा वापर. हुकूम द्यायचा तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने. तो जागेवर नसेल तर निदान उपनिरीक्षकाने. बसथांब्यावर उभी असलेली बाई, घाईने शटर ओढणारा दुकानातला पोऱ्या, औषधाची पिशवी घेऊन निघालेले आजोबा या क्रमात कुठेच बसत नाहीत. लाठी मात्र त्यांच्याही पाठीवर पडते, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ते ‘जमाव’ होऊन जातात.

अशा माणसाने दाद मागावी म्हणून महाराष्ट्रात जी सरकारी व्यवस्था उभी आहे, ती म्हणजे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि त्याच्या विभागीय शाखा. तिच्याकडे एक सेवा म्हणून पाहून हे परीक्षण लिहिलं आहे: दार कुठे आहे, आत काय मिळतं, कशामुळे अर्ज परत येतो, आणि हे दार ठोठावताना दुसरी कुठली दारं बंद होऊ देता कामा नये. निकाल आधीच सांगतो. तक्रार जरूर करा, पण तिच्या निकालाची वाट बघत बसू नका. प्राधिकरणाची फाइल एका चालीने सरकते, आणि कायद्यातलं एक सहा महिन्यांचं घड्याळ वेगळ्याच चालीने. पुष्कळ खऱ्या तक्रारी या दोन चालींच्या फटीत पडून मरतात.

हे प्राधिकरण सरकारच्या उदारपणातून आलेलं नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना पोलीस सुधारणांचे जे आदेश दिले, त्यांतला एक हा होता: पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांनीच तपासू नयेत, राज्य पातळीवर निवृत्त न्यायमूर्तींच्या आणि जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण असावं, आणि त्याची शिफारस बंधनकारक असावी. गोव्याने २००७ मध्ये आपलं प्राधिकरण नेमलं. महाराष्ट्राने कायद्यात तरतूद करायला २०१४ उजाडवलं. त्या वर्षी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२-पी आणि पुढची कलमं घातली गेली. आदेशातला ‘जिल्हा’ मात्र गळून पडला आणि त्याच्या जागी ‘विभाग’ आला. ऐकायला फरक लहान वाटतो. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मजुराला विचारा. आपल्या जिल्ह्याच्या गावी तारखेला जाणं आणि नागपूर किंवा नाशिक गाठणं यांत एका दिवसाच्या रोजीचा आणि एसटीच्या भाड्याचा फरक आहे. या सेवेचा सर्वांत मोठा दोष आमच्या मते हाच आहे.

अधिकार तसे चांगले आहेत. साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रार पीडिताने स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणीही करू शकतो. मानवी हक्क आयोगाकडूनही प्रकरण येऊ शकतं. प्राधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. विषयांमध्ये कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, आणि कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर हे सगळं येतं. वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध राज्य पातळीवर, खालच्या हुद्द्यांविरुद्ध विभागीय पातळीवर, अशी साधारण विभागणी आहे. जे नाही तेही नीट समजून घ्या. प्राधिकरण स्वतः कुणाला निलंबित करत नाही, कुणाला तुरुंगात पाठवत नाही. चौकशी करून अहवाल सरकारकडे देतं. पुढचं गृह विभागाच्या हातात. शिवाय अध्यक्ष-सदस्यांची पदं रिकामी राहिली की सुनावण्या थंडावतात, हे दुखणं जुनं आहे.

एक्स-रे प्लेटवर सगळं अडतं

वरच्या यादीत ‘गंभीर दुखापत’ असे दोन शब्द आहेत. रस्त्यावर मार खाल्लेल्या माणसाची तक्रार तिथेच तरते किंवा बुडते, म्हणून इथे थोडं थांबू.

गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे डॉक्टरच्या किंवा ठाणे अंमलदाराच्या मनावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आठ प्रकार मोजून दिले आहेत. लाठीमारात त्यांतले मोजकेच वारंवार दिसतात: हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहणं किंवा रोजची कामं करता न येणं. जुन्या भारतीय दंड संहितेत हे शेवटचं मोजमाप वीस दिवसांचं होतं. सवयीने कुणी वीस म्हणालं तर तिथेच दुरुस्त करा.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. दुखापत साधी ठरली तर ती कलम ११५(२) मध्ये जाते, आणि तो गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात ‘एनसी’ची पावती हातात पडते आणि तपास होतच नाही. गंभीर ठरली तर कलम ११७(२): सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा, एफआयआर नोंदवणं बंधनकारक. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली घटनापीठाने हे स्पष्ट केलं आहे. प्राधिकरणाच्या दारातही ‘गंभीर दुखापत’ हाच सर्वांत सोपा रस्ता. म्हणजे एका एक्स-रेवर दोन्ही दारांच्या किल्ल्या आहेत.

लाठी डोक्याकडे येताना माणूस आपोआप हात आडवा धरतो. त्यामुळे मनगट आणि कोपर यांच्यामधलं, करंगळीच्या बाजूचं हाड, म्हणजे अल्ना, मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन्ही कोनांतून काढून घ्या. केसाएवढी बारीक भेग पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. सूज आणि दुखणं कायम असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. हाड जुळू लागलं की तीच भेग उठून दिसते. पहिल्या कागदावर ‘हाड शाबूत’ असं आलं म्हणून प्रकरण सोडून दिलेली माणसं थोडी नाहीत. कानशिलात बसली असेल आणि कानात शीळ वाजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडदा तपासून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. डोक्याला मार आणि उलटी, गुंगी किंवा विसरल्यासारखं होणं असेल तर सीटी स्कॅनला उशीर करू नका. तक्रारीच्याही आधी जिवासाठी.

वळांचंही शास्त्र आहे. लाठीसारख्या गोल दांडक्याचा फटका बसला की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उमटतात आणि मधली पट्टी फिकट राहते. पळताना पडून असा वळ उठत नाही. ‘चेंगराचेंगरीत पडला असेल’ हा पोलिसांचा नेहमीचा खुलासा या एका फोटोने ढासळतो. वळ ताजा असताना लालसर, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, आठवड्याच्या आसपास हिरवट, मग पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत नाहीसा. म्हणून फोटो रोज काढायचे, निदान दहा दिवस. एक लांबून, ज्यात चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. वळ कुठे आहेत तेही बोलतं. मांड्यांच्या मागे आणि पाठीवर असतील तर माणूस पाठ फिरवून जात होता. डोक्यावर, मानेवर किंवा बरगड्यांवर असतील तर ज्याने मारलं त्याने आपलं प्रशिक्षणही मोडलं, कारण लाठी कमरेखाली चालवायची हेच शिकवलेलं असतं.

रुग्णालयात एमएलसी, म्हणजे न्यायवैद्यकीय नोंद, आग्रहाने करून घ्या. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ हे उत्तर चुकीचं आहे. उपचार आधी, कागद नंतर, हे परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे, आणि एमएलसी नोंदवायला डॉक्टरला पोलिसांच्या चिठ्ठीची गरज नसते. नोंदीत जखमेचा इतिहास लिहिला जातो. तिथे ‘पडल्याने’ असं लिहिलं गेलं तर सही करण्याआधी थांबा आणि ‘पोलिसांनी लाठीने मारल्याचं रुग्ण सांगतो’ असं लिहून घ्या. डॉक्टरला खरं-खोटं ठरवायचं नसतं. तुम्ही सांगितलेलं नोंदवायचं असतं. जखमेची लांबी-रुंदी, जागा, वेळ, एमएलसी क्रमांक हे सगळं आहे का ते बघा आणि केस पेपरची झेरॉक्स त्याच दिवशी घ्या. पंधरा दिवसांच्या निकषावर जायचं असेल तर मधल्या प्रत्येक भेटीचा कागद लागतो. पहिल्या दिवशीचा आणि विसाव्या दिवशीचा एवढे दोनच कागद असतील, तर मधली वेदना कशानेच सिद्ध होत नाही.

कोणी मारलं, आणि तुम्ही तिथे का होतात

नाव माहीत नसलं तरी तक्रार होते. पण ‘काही पोलिसांनी’ एवढंच लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही. नावाची पट्टी दिसली नसेल तर बक्कल नंबर, खांद्यावरचे तारे, गणवेश ठाण्याचा की राज्य राखीव पोलीस बलाचा, हेल्मेट-ढाल घातलेलं दंगल नियंत्रण पथक होतं का, गाडीचा नंबर, अगदी ‘डावखुरा, दाढी, हातात प्लास्टिकची लाठी’ एवढंही लिहा. बाकीचं सरकारी दप्तरात असतं. त्या दिवसाची बंदोबस्ताची ड्युटी यादी, स्टेशन डायरीतली नोंद, नियंत्रण कक्षाचा लॉग, ११२ वर आलेल्या फोनची नोंद. कुणाला कुठल्या चौकात उभं केलं होतं हे ड्युटी यादी सांगते. लाठीमाराचा हुकूम कुणी, किती वाजता दिला हे डायरीने सांगायला हवं. हुकमाची नोंदच नसेल तर कलम १४८ चा आधार डळमळतो, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. तक्रारीत ही चार दप्तरं नावानिशी मागवायला सांगा. समन्सचे अधिकार आहेत, पण काय मागवायचं हे सांगितलं नाही तर पोलीस अधीक्षकांचा एक पानी खुलासा येतो आणि चौकशी तिथेच फिरत राहते. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्जही टाका. उत्तराची मुदत तीस दिवस. नकार आला तरी तो लेखी येतो, आणि तोही जोडता येतो.

आता उलटी बाजू. अशा घटनेनंतर ‘दोनशे ते तीनशे अनोळखी इसम’ असा गुन्हा दाखल होतो आणि जखमी माणूसच त्यात ओढला जातो. सरकारी कामात अडथळ्याचं दंड संहितेतलं जुनं ३५३, आताचं न्याय संहितेतलं कलम १३२, लावलं जातं. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणून ‘मी जमावात नव्हतो’ हे सांगणं पुरेसं नाही, दाखवावं लागतं. चहाच्या टपरीवर केलेल्या यूपीआय व्यवहाराची वेळ, एसटीचं किंवा लोकलचं तिकीट, औषधाचं बिल, कामावरचा हजेरीचा पंच, मोबाइलमधला लोकेशनचा इतिहास, क्लासला सोडलेल्या मुलीच्या क्लासची वेळ. एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी बघ्या आणि दंगलखोर यांतला फरक उभा राहतो. हे कागद आठवड्याच्या आत गोळा करा. एक धोका ध्यानात ठेवा: पांगण्याचा हुकूम ऐकूनही जो जाणूनबुजून तिथेच थांबतो त्याच्यासाठी न्याय संहितेत वेगळं कलम आहे. हुकूम ऐकू आला का, निघायला वाट होती का, दोन्ही टोकांना पोलीसच उभे होते का, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

दुकानांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवण भरली की आपोआप पुसलं जातं, बहुधा पंधरा ते तीस दिवसांत. दुकानदाराकडे पहिल्या दोन दिवसांत जा. तो प्रत द्यायला घाबरत असेल, आणि घाबरण्यात त्याची चूक नाही, तर निदान ते रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. मोबाइलवरची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरवली की दबते आणि तिच्यातली वेळ-तारखेची माहिती निघून जाते. मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन सांभाळा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र जोडा. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी ची ही नवी आवृत्ती आहे, दोन भागांची: एक चित्रफीत देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा, येते.

मार ठाण्यात नेऊन दिला असेल तर आणखी एक आधार आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला: प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेर. चित्रण अठरा महिने, आणि कोणत्याही स्थितीत एक वर्षाहून कमी नाही, इतकं जपायचं. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर आलं तर बिघाड कधी कळवला आणि दुरुस्तीची मागणी कधी केली, याचे कागद मागवा.

अर्ज आणि पुढची वाट

अर्ज मराठीत, तीन-चार पानांचा पुरे. आधी तारीख, वेळ, जागा, मग तुम्ही तिथे का होतात, मग कुणी कशाने कुठे मारलं, मग जखमा आणि कागद, मग साक्षीदार, मग कोणती दप्तरं मागवायची, शेवटी नेमकी मागणी. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं लिहू नका. ‘गुन्हा नोंदवण्याची आणि विभागीय चौकशीची शिफारस करावी’ असं लिहा. सोबत शपथपत्र. प्रत्येक जोडपत्राला क्रमांक, प्रत्येक पानावर सही. टपालाने पाठवलं तर पोच पावतीसह. हाताने दिलं तर आवक क्रमांक आणि शिक्का तुमच्या प्रतीवर. एकच अर्ज दहा कार्यालयांना ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पाठवण्याची आपल्याकडे सवय आहे. तसा अर्ज कुणीच आपला मानत नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करा आणि दुसरीकडे काय चालू आहे ते त्यात प्रामाणिकपणे नमूद करा. ते लपवलेलं उघडं पडलं की तक्रारदाराचा शब्द हलका होतो.

अतिशयोक्ती तर अजिबात नको. चार फटके बसले असतील तर चारच लिहा. वैद्यकीय कागदावर चार वळ आणि अर्जात ‘शंभर लाठ्या’ असं असलं की बचावाच्या वकिलाचं काम आपणच करून देतो.

आता ते सहा महिन्यांचं घड्याळ. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाविरुद्धचा खटला कृत्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत. दिवाणी दावा करायचा असेल तर त्याआधी एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते. प्राधिकरणात तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबतं, असं गृहीत धरू नका. मारून कबुलीजबाब काढणं हे कर्तव्याच्या आवरणात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये आत्माराम प्रकरणात म्हटलं आहे, आणि कोठडीतल्या मारहाणीत ते उपयोगी पडतं. रस्त्यावरच्या लाठीमारात मात्र ‘बंदोबस्ताचं कर्तव्य बजावत होतो’ हा बचाव येणारच. तेव्हा पाचव्या महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद दाखल झालेली असली पाहिजे. हे एक वाक्य या परीक्षणातून वेगळं काढून ठेवा.

तिकडे जाण्याचीही पायरी आहे. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना लेखी अर्ज टपालाने. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी. ही मधली पायरी गाळली आणि शपथपत्र जोडलं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागणारा १७५(३) खालचा अर्ज तांत्रिक कारणावर पडतो. नव्या संहितेने आणखी एक अडसर घातला आहे: कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी, १७५(४) खाली, त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. कलम २१८ मध्ये खटल्याच्या पूर्वमंजुरीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असं मानायचं, ही दुरुस्ती मात्र स्वागतार्ह आहे. पूर्वी याच टप्प्यावर फायली वर्षानुवर्षं झोपत.

राज्य मानवी हक्क आयोगाशी तुलना अनेक जण विचारतात. आयोगाला फी नाही, मुदत घटनेपासून एक वर्ष, आणि तो नुकसानभरपाईची शिफारस करू शकतो. जखम साधी असेल, पैसे औषधात आणि बुडालेल्या रोजीत गेले असतील, तर आयोगाकडे जावं. अधिकाऱ्यावर कारवाई हवी असेल आणि हाड मोडलं असेल, तर प्राधिकरण. न्यायालयात प्रकरण चालू असेल तर आयोग बहुधा हात आखडता घेतो, म्हणून तिथला अर्ज आधी करावा.

भरपाईचा अंदाज असावा म्हणून एक आकडा. रामलीला मैदानात ४ जून २०११ च्या रात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस तुटून पडले, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मृताच्या वारसांना पाच लाख, गंभीर जखमींना पन्नास हजार आणि साध्या जखमींना पंचवीस हजार रुपये ठरवले, आणि त्यातला पंचवीस टक्के भार आयोजक ट्रस्टवर टाकला. मोडलेल्या हाडाचे पन्नास हजार. आम्हाला ही रक्कम तेव्हाही कमी वाटली होती. अनिता ठाकूर प्रकरणात २०१६ मध्ये याच न्यायालयाने मांडलेलं सूत्र जास्त मोलाचं आहे: सुरुवातीला बळ वापरण्याचं कारण असेलही, पण जमाव आटोक्यात आल्यावरही मारत राहणं हा अतिरेक आहे. अर्ज लिहिताना म्हणूनच वेळा मिनिटांत मांडा. पळापळ किती वाजता थांबली आणि तुम्हाला लाठी किती वाजता बसली?

गुणच द्यायचे तर कागदावरच्या अधिकारांना पाचपैकी चार, पोहोचायच्या सोयीला दीड, वेगाला एक, आणि निकाल अमलात येण्याला दोन. इतके कमी गुण देऊनही जा म्हणतो, त्याचं कारण रमाबाई आंबेडकर नगरात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या त्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जीव गेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार अनावश्यक ठरवला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ मध्ये, आणि पुढे उच्च न्यायालयात तीही स्थगित झाली. बारा वर्षं लोक टिकले ते जबाब, पंचनामे आणि आयोगापुढच्या साक्षी यांच्या जोरावर. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला झालेल्या लाठीमारानंतर तीनच दिवसांत गृहमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली. ती मागितली हे चांगलंच झालं, पण माफीने एकाही जखमी माणसाच्या फाइलमध्ये एकही कागद वाढत नाही. प्राधिकरणात कागद वाढतो: समोरच्याचा लेखी खुलासा, ड्युटी यादी, डायरीचा उतारा. एकटा माणूस हे स्वतःच्या बळावर कधीच मिळवू शकत नाही.

मृत्यू झाला असेल, पुरावा नष्ट होत असेल किंवा स्थानिक ठाण्याकडून धमक्या येत असतील, तर मात्र प्राधिकरणाच्या रांगेत उभं राहू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालय. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, यांपैकी आपला जिल्हा कुणाच्या अखत्यारीत येतो ते पाहा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. आणि प्राधिकरणात आधीच तक्रार केली असेल, तर याचिकेआधी तिथल्या रोजनाम्याच्या आणि पोलिसांच्या लेखी खुलाशाच्या प्रमाणित प्रती मागून घ्या. तिथे शपथेवर केलेलं विधान पोलिसांना उच्च न्यायालयात सहजासहजी बदलता येत नाही.